जुन्या बुलेटची सुई: एक खाच वर, एक खाच खाली

मागच्या दोन भागांत आपण जुन्या बुलेटचे टॅपेट आणि पॉइंट पाहिले. त्यानंतर इंदूर, बडोदा, बंगळूर, हैदराबाद अशा बऱ्याच ठिकाणांहून तुमचे निरोप आले. त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच होती. गाडी स्लोवर ठीक चालते, पूर्ण रेस दिली तरी ठीक पळते, पण पन्नास-साठच्या संथ वेगावर हिसके देते, मधूनच कार्बोरेटरमधून खोकते आणि हेड फार तापतं. काहींना मिस्त्रीने मोठा जेट टाकायला सांगितलं, काहींना कार्बोरेटरच बदलायला सांगितला.

माझ्या स्वतःच्या गाडीलाही हाच आजार झाला होता. तो कसा ओळखला आणि कसा बरा केला ते आज सांगणार आहे. त्यासाठी कार्बोरेटरमधली एक छोटी पितळी सुई समजून घ्यावी लागेल. मिस्त्री लोक तिला नीडल म्हणतात, मी सुईच म्हणेन. मात्र त्याआधी या सुईच्या पायी मी एकदा काय करून बसलो होतो ते सांगतो. हे काम एवढ्या काळजीने का करायचं, ते त्यातून कळेल.

१९८६ साल. मी कॅप्टन होतो, पोस्टिंग लेहला. माझी स्वतःची बुलेट मी वर नेली होती. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. गाडी तिथे पोचली ती काळा धूर ओकत. चढावर दम नाही, प्लग दर दोन दिवसांनी काजळलेला. वर्कशॉपमधल्या एका हवालदार उस्तादांनी मला सुई काढून दाखवली, तिची क्लिप दोन खाचा वर सरकवली आणि गाडी परत दिली. धूर गेला, जोर आला. मी खूश. उस्तादांनी निघताना बजावलं होतं, "साब, नीचे जाओगे तो वापस करना." मी हो म्हटलं आणि विसरलो.

पुढच्या जूनमध्ये रजा मिळाली. माझ्याच कंपनीतला सातारकडचा एक जवान रजेवर निघाला होता, त्याला मागे बसवलं. कारगिल, झोजिला, श्रीनगर, जम्मू असे टप्पे घेत आम्ही खाली उतरलो. जम्मूपर्यंत घाट असल्यामुळे रेस सारखी बदलत होती, म्हणून काही जाणवलं नाही. जम्मूच्या पुढे सपाट रस्ता लागला. दुपारची वेळ, अंग भाजणारं ऊन, मागे माणूस, दोघांचं सामान आणि मूठ बरोब्बर अर्ध्यावर धरलेली. तासाभराने सांबाच्या आसपास इंजिनाचा आवाज जरा कोरडा झाला, जोर किंचित कमी झाला. मला वाटलं समोरून वारा असेल. मी मूठ आणखी पिळली. पुढच्याच मिनिटाला पिस्टन ब्लॉकमध्ये अडकला आणि मागचं चाक जाम झालं.

मी क्लच दाबला, पण उशिरा. गाडी आडवी गेली. मला खरचटण्यावर निभावलं. त्या जवानाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्याची सगळी रजा लष्करी इस्पितळात गेली. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच आमचं नशीब. नंतर इंजिन उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि सुईची क्लिप लेहलाच लावलेल्या वरच्या खाचेत होती. दोष गाडीचा नव्हता, उस्तादांचा तर मुळीच नव्हता.

आता ही सुई करते काय ते पाहू.

सुईचं काम

माझ्या सध्याच्या बुलेटवर मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर आहे. त्या काळच्या ३५० बुलेटवर तो सर्रास असे. मी सांगतो ते यालाच धरून आहे, पण गोल स्लाइडच्या बहुतेक जुन्या कार्बोरेटरचं तत्त्व हेच असतं.

तुम्ही मूठ फिरवता तेव्हा केबल एक गोल स्लाइड वर ओढते. स्लाइड जितकी वर जाईल तितका हवेचा रस्ता मोठा होतो. या स्लाइडच्या पोटात सुई अडकवलेली असते. तिचं खालचं टोक निमुळतं असतं आणि ते एका पितळी नळीत उतरलेलं असतं. त्या नळीला नीडल जेट म्हणतात. सुई आणि नळी यांच्यामध्ये जी बारीक फट राहते तिच्यातून पेट्रोल वर खेचलं जातं. मूठ फिरली की सुई वर जाते, निमुळता भाग नळीच्या तोंडाशी येतो, फट रुंदावते आणि पेट्रोल वाढतं.

सुईच्या वरच्या बोथट टोकाजवळ पाच खाचा असतात. एका खाचेत छोटी क्लिप बसते आणि त्या क्लिपवर सुई स्लाइडमध्ये टांगलेली असते. इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सावकाश ऐका. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते, फट अरुंद होते आणि पेट्रोल कमी मिळतं. क्लिप खालच्या खाचेत नेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त मिळतं. लक्षात ठेवायचं ते असं: क्लिप वर, पेट्रोल कमी, क्लिप खाली, पेट्रोल जास्त. खाचा नेहमी बोथट टोकाकडून मोजायच्या. मधली, म्हणजे तिसरी खाच हे सुरुवातीचं ठिकाण धरा.

पेट्रोल कमी पडलं तर त्याला पातळ मिश्रण म्हणू, जास्त झालं तर दाट. शुद्ध पेट्रोलचा एक ग्रॅम पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनाला जोर हवा असतो तेव्हा ते याहून थोडं दाट, साडेबारा-तेराच्या आसपासचं मिश्रण मागतं. दाट मिश्रणाने पैसे जातात, काजळी धरते, प्लग ओला होतो. पातळ मिश्रण इंजिन तापवतं, आणि ओढ असताना सतत तापवत राहिलं तर पिस्टन फुगून ब्लॉकमध्ये अडकतो. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित दाटच्या बाजूला राहावं.

कुठला भाग कुठे चालतो

कार्बोरेटरमध्ये चार गोष्टी आळीपाळीने कारभार पाहतात. मूठ बंद असल्यापासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पावापर्यंत स्लाइडच्या तळाचा कापलेला भाग. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. या सीमा काटेकोर नाहीत, एकमेकांत मिसळतात, पण निदानासाठी पुरेशा आहेत.

यावरून तुमच्या लक्षात येईल की मधल्या वेगावर हिसके देणाऱ्या गाडीला मोठा मेन जेट टाकून फारसा उपयोग नाही. आपण रोज गाडी चालवतो ती बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या मुठीवर, म्हणजे सुईच्याच राज्यात. मेन जेट मोठा केला तर गाडी पूर्ण मुठीवर पेट्रोल पिईल, आणि साठच्या वेगावर खोकायची ती खोकतच राहील.

मूठ नक्की किती फिरली हे अंदाजाने कळत नाही. एक सोपी युक्ती आहे. मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीची रेघ काढा आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा पाच खुणा करा. मग गाडी चालवा आणि त्रास कुठल्या खुणेवर होतो ते पाहा. आपण ज्याला फुल रेस समजतो ती पुष्कळदा अर्धी मूठसुद्धा नसते.

सुईला हात लावण्यापूर्वी

लेहच्या उस्तादांची एक शिकवण होती: "सुई बाद में, पहले बाकी सब." दुसरीकडचा दोष सुईने झाकायला गेलात तर दोन दोष होतात. म्हणून हा क्रम पाळा.

पहिलं, एअर फिल्टर. तो तुंबला असेल तर मिश्रण दाट होतं. फाटला असेल किंवा नीट बसला नसेल तर पातळ होतं, शिवाय धूळ आत जाते.

दुसरं, टॅपेट. ओतीव लोखंडी ब्लॉकच्या जुन्या बुलेटवर इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

तिसरं, पॉइंट. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट जळालेले असतील तर आधी ते बदला. टायमिंग मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे तपासा. टायमिंग चुकलेलं असलं तरीही इंजिन तापतं.

चौथं, सांधे. कार्बोरेटर आणि हेड यांच्या जोडातून बाहेरची हवा आत घुसत असेल तर मिश्रण पातळ होतं आणि स्लो कधीच स्थिर राहत नाही. जोडाचे नट तपासा, पॅकिंग पिचलेलं असेल तर नवीन घाला.

पाचवं, पेट्रोलचा पुरवठा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल, कॉकची जाळी तुंबली असेल किंवा फ्लोट चुकीच्या उंचीवर असेल तर सुई बिचारी काय करणार? पाइप काढून बाटलीत पेट्रोलची धार सलग पडते का पाहा.

हे पाचही ठीक असतील तरच पुढे या. माझा अनुभव असा, की दहातल्या सहा गाड्या याच टप्प्यावर बऱ्या होतात.

पातळ की दाट?

पातळ मिश्रणाची लक्षणं अशी. स्थिर मुठीवर गाडी आपोआप पुढे-मागे झुलते, हिसके देते. कार्बोरेटरमधून फट्कन खोकते. हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं. पाव मुठीवर चालत असताना चोक किंचित उचलला की गाडी सुधारते.

दाट मिश्रणाची लक्षणं वेगळी. सायलेन्सरचा आवाज भरडा, जड येतो, जणू इंजिन एक ठोका सोडून पेटतं आहे. काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेला प्लग. थंड असताना गाडी बरी चालते आणि गरम झाली की बिघडते. इथे जुन्या चालकांची एक परीक्षा आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर अर्ध्या मुठीवर चालताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी उतरू लागते आणि मिश्रण हळूहळू पातळ होत जातं. बंद पडण्याआधी क्षणभर गाडी छान पळाली, तर समजा मिश्रण दाट होतं. ही परीक्षा रहदारीत करू नका, आणि कॉक परत उघडायला विसरू नका.

प्लगचा रंगही पाहावा. अर्ध्या मुठीवर दोन-तीन किलोमीटर सलग चालवा, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी घरंगळत कडेला घ्या. स्लोवर चालत आणलीत तर रंग बदलतो आणि परीक्षा वाया जाते. थोडं निवल्यावर प्लग काढा. पांढऱ्या चिनी मातीवर मारी बिस्किटासारखा रंग असेल तर उत्तम. खडूसारखा पांढरा म्हणजे पातळ, कोरडा काळा म्हणजे दाट. हल्लीच्या शिसेविरहित पेट्रोलवर रंग उशिरा चढतो आणि पूर्वीइतका स्पष्ट नसतो, म्हणून एकट्या रंगावर निकाल देऊ नका. लक्षणं आणि रंग दोन्ही जुळले पाहिजेत.

प्रत्यक्ष काम

इंजिन थंड असू द्या. मोकळ्या जागी काम करा, आसपास विडी-सिगारेट, दिवा काही नको. पेट्रोलचा कॉक बंद करा. खाली एक परात किंवा ताट ठेवा. कार्बोरेटरची वरची बाजू आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाही तर झाकण उघडल्याबरोबर माती आत पडेल.

वरचं झाकण फिरवून सोडवा. हाताने सुटलं नाही तर फडकं गुंडाळून हलकेच पक्कड लावा. जागा अपुरी वाटली तर ओढाताण न करता कार्बोरेटर सोडवून घ्या. झाकणाबरोबर स्प्रिंग, स्लाइड आणि सुई सरळ वर ओढून काढा. सुई वाकता कामा नये.

स्प्रिंग दाबून धरा आणि केबलचं टोक स्लाइडच्या खाचेतून बाजूला सरकवून काढा. मग सुई वरून बाहेर येईल. क्लिप आत्ता कितव्या खाचेत आहे ते मोजा आणि लगेच लिहून ठेवा. फोनवर फोटो काढलात तर आणखी बरं.

आता क्लिप काढायची. ही क्लिप नखाएवढी असते आणि उडाली की सापडत नाही. म्हणून सुई एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून आतल्या आतच क्लिप काढा आणि बसवा. पातळ मिश्रण असेल तर एक खाच खाली, दाट असेल तर एक खाच वर. एकच खाच. ही खाच म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर अंतर, पण इंजिनाला ते पुष्कळ असतं.

हातात सुई आहे तर उजेडात नीट पाहा. एका बाजूला चमकदार घासलेला पट्टा दिसत असेल तर सुई झिजली आहे, आणि ती ज्या नळीत वर्षानुवर्षं घासत होती ती नळीसुद्धा झिजून लंबगोल झालेली असणार. अशी गाडी मधल्या मुठीवर दाट चालते आणि क्लिप कितीही वर नेली तरी पुरत नाही. तिथे सुई आणि नीडल जेट दोन्ही एकदम बदलावे लागतात. सुईवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. नवीन घेताना ती जुळवून घ्या, नुसती लांबी पाहून घेऊ नका.

परत बसवताना तीन गोष्टी पाहा. स्लाइडच्या तळाचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला असला पाहिजे. स्लाइडवरची उभी खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे. आणि सुई नळीत आपसूक उतरली पाहिजे, दाबून नाही. झाकण लावल्यावर, इंजिन सुरू न करता, मूठ पूर्ण फिरवून सोडा. स्लाइड टक् असा आवाज करून खाली आपटली पाहिजे. ती अडकत असेल तर किक मारू नका, परत उघडा. उघड्यावर अडकलेली रेस जीव घेऊ शकते. इंजिन सुरू केल्यावर स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. रेस वाढली तर केबल ओढली जाते आहे.

यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच ओझ्यासह गाडी चालवून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्लिप, एअर स्क्रू आणि जेट एकाच दिवशी बदललेत तर कशाने काय झालं हे तुम्हालाच कळणार नाही.

माझ्या गाडीचं कोडं

आता माझ्या गाडीकडे येतो. मी देहरादूनला राहतो. शहर साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. तिथून पस्तीस किलोमीटरवर मसुरी, सुमारे दोन हजार मीटरवर. गेल्या उन्हाळ्यात माझी बुलेट शहरात हिसके देऊ लागली, खोकू लागली. आणि गंमत अशी, की मसुरीच्या वाटेवर जसजसं वर जावं तसतशी ती सुधारायची. वर पोचेपर्यंत अगदी गुण्यागोविंदाने चालायची. परत खाली आलं की तोच त्रास. आयुष्यभर उलटं पाहिलं होतं. उंचीवर गाडी बिघडते, खाली सुधारते. माझी वर का सुधारत होती?

उत्तर दोन भागांत आहे. उंचीवर हवा विरळ होते. मसुरीच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के असते, लेहला ७० टक्के. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, तो नुसत्या ओढीवर पेट्रोल सोडतो. हवेचं वजन जितकं घटतं तितक्या प्रमाणात पेट्रोल घटत नाही, त्यामुळे मिश्रण आपोआप दाट होतं. हिशेब केला तर समुद्रसपाटीच्या तुलनेत मसुरीला सुमारे दहा टक्के आणि लेहला जवळजवळ वीस टक्के दाट. म्हणजे माझी गाडी आधीच पातळ चालत होती आणि मसुरीची उंची ते भरून काढत होती.

मग ती पातळ झाली कशाने? फिल्टर, टॅपेट, पॉइंट, सांधे, पुरवठा, सगळं तपासलं. सगळं ठीक. बदललं होतं ते पेट्रोल. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे नऊ ग्रॅम. २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर पुष्कळसं सांभाळून घेतात. माझ्या तीस वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? त्याची सुई शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने तिसऱ्या खाचेत बसलेली होती आणि प्लग खडूसारखा पांढरा झाला होता.

मी क्लिप तिसऱ्या खाचेतून चौथीत नेली, म्हणजे सुई एक खाच वर उचलली. एअर स्क्रू दीड फेऱ्यावर होता, तो पाव फेरा आत घेतला, पण दुसऱ्या दिवशी, सुईचा परिणाम पाहून झाल्यावर. या कार्बोरेटरवर एअर स्क्रू आत गेला की मिश्रण दाट होतं. हिसके थांबले, खोकणं थांबलं, प्लगवर पुन्हा बिस्किटाचा रंग आला. लिटरमागे दीड-दोन किलोमीटर कमी मिळतात. मसुरीला आता गाडी थोडी जड वाटते, पण तेवढं दाट मला चालतं.

तुमच्या गाडीला हीच चौथी खाच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. तुम्ही समुद्राकाठी राहता की पठारावर, सायलेन्सर मूळचा आहे की बाजारातला, फिल्टर कुठला आहे, यावर ते ठरतं. नंतरच्या काळातल्या काही गाड्यांच्या सुयांना खाचाच नसतात, तिथे हा इलाज चालत नाही. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. रबरी पाइप आणि वॉशर कडक किंवा फुगलेले दिसले तर बदला.

वही आणि किल्ली

शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने आजच्या भागातली सर्वांत महत्त्वाची. गाडीची एक वही ठेवा. तारीख, ठिकाण, खाच, एअर स्क्रूचे फेरे, मेन जेटवरचा आकडा आणि का बदललं ते एका ओळीत. डोंगरावर जाण्यासाठी क्लिप वर नेली असेल तर किल्लीला लाल चिंधी बांधा आणि खाली उतरून क्लिप परत जागेवर आणल्याशिवाय ती सोडू नका. चार-सहा दिवसांसाठी लडाखला जाणाऱ्यांना मी तर सांगतो, सुईला हातच लावू नका. थोडा धूर, थोडा कमी जोर सहन करा. दाट मिश्रणावर गाडी कुरकुरत का होईना, घरी येते. मुक्काम महिन्यांचा असेल तरच क्लिप हलवा.

सांब्याजवळ माझ्या मागे बसलेला तो जवान सुभेदार होऊन निवृत्त झाला. हाड जुळलं, पण थंडीत अजून दुखतं. दिवाळीला त्याचा फोन येतो. सगळी खुशाली विचारून झाली की शेवटी म्हणतो, "साहेब, चिंधी बांधता ना?" मी हो म्हणतो. या वेळचं हो खरं असतं.

पुढच्या भागात कार्बोरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची उंची कशी मोजायची ते पाहू. तोवर आपापल्या गाडीची सुई काढायची घाई करू नका. आधी मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, आठवडाभर चालवा आणि त्रास कुठल्या खुणेवर होतो ते वहीत लिहा. जय हिंद.